किडनीच्या रुग्णाची औषधे सरकारी विम्यातून कशी मिळवावीत : इंदूरमध्ये मदत करणाऱ्यांसाठी

घरात आयुष्मान कार्ड आहे, डायलिसिस त्यावरच होते, आणि तरीही महिन्याच्या औषधांचे पैसे खिशातूनच जातात, अशी तक्रार रामबागेपासून सुदामानगरपर्यंत किडनीच्या रुग्णांच्या अनेक घरांत ऐकू येते. बहुतेक वेळा यात कोणी कोणाला फसवलेले नसते. प्रधानमंत्री जन आरोग्य योजना, जिला आपण सगळे नुसते ‘आयुष्मान’ म्हणतो, ती २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली ती मुख्यतः रुग्णालयात भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी. डायलिसिससारखे काही त्याच दिवशी घरी सोडायचे उपचार तिच्यात बसतात, पण ओपीडीत दाखवून लिहून घेतलेली आणि घरी रोज घ्यायची औषधे तिच्या कक्षेत मुळातच येत नाहीत. किडनीचा आजार मात्र असा की यंत्रावरचे चार तास संपले तरी गोळ्यांचा डबा सुटत नाही. म्हणून मदतीला जाणाऱ्याने सगळ्या औषधांसाठी मिळून ‘हे कार्डावर मिळेल का?’ असा एकच प्रश्न विचारून भागत नाही. एकाच चिठ्ठीतल्या वेगवेगळ्या औषधांचा खर्च वेगवेगळ्या योजनांकडून मिळू शकतो, आणि कोणत्या ओळीचा खर्च कोणाकडून मिळेल हे शोधणे हेच या कामाचे मुख्य स्वरूप आहे.

चिठ्ठी ओळीओळीने वाचणे

प्रथम रुग्णाची सर्वांत अलीकडची चिठ्ठी (सरकारी रुग्णालयात तिला ‘पर्चा’ म्हणतात), शेवटच्या भरतीची डिस्चार्ज समरी आणि डायलिसिसची वही एकत्र ठेवावी. मग कोऱ्या कागदावर प्रत्येक औषध ब्रँडच्या नावाने नव्हे तर घटकाच्या नावाने लिहावे आणि पुढे मात्रा, दिवसातून किती वेळा आणि ते कुठे घेतले जाते एवढे नोंदवावे. घटकाचे नाव कळत नसेल तर गोळ्यांच्या पाकिटावर ते छापलेले असते. हे काम कंटाळवाणे वाटले तरी टाळू नये, कारण पुढे प्रत्येक खिडकीवर हाच कागद दाखवावा लागतो.

अशी यादी केली की तिचे सहसा तीन गट पडतात. पहिला गट डायलिसिसच्या खुर्चीवर दिल्या जाणाऱ्या औषधांचा : रक्त गोठू नये म्हणून हेपारिन, सलाइन, लोहाचे इंजेक्शन आणि रक्त वाढवणारे एरिथ्रोपोएटिनचे इंजेक्शन. दुसरा गट भरतीनंतर काही दिवसांपुरत्या दिलेल्या औषधांचा, उदाहरणार्थ संसर्गावरची प्रतिजैविके. तिसरा आणि सर्वांत मोठा गट रोजच्या औषधांचा : रक्तदाबाच्या गोळ्या, लघवी वाढवणारे टॉर्सेमाइड, सोडियम बायकार्बोनेट, जेवणासोबत घ्यायचे सेव्हेलामर किंवा कॅल्शियम ॲसिटेट, कॅल्सिट्रिऑल, मधुमेह असल्यास इन्सुलिन. प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाच्या यादीत यांच्या जोडीला टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन असतात, आणि ही औषधे नवी किडनी टिकवायची असेल तर आयुष्यभर चालवावी लागतात.

पहिल्या गटाबाबत सर्वांत जास्त वाद एरिथ्रोपोएटिनवर होतात. आयुष्मानच्या पॅकेजचे तत्त्व असे आहे की मंजूर उपचारासाठी लागणारी औषधे आणि साहित्य पॅकेजच्या दरातच धरलेले असते आणि त्यासाठी रुग्णाकडून वेगळे पैसे घेता येत नाहीत. तेव्हा बाहेरून इंजेक्शन आणायला सांगितले गेले, तर ते डायलिसिसच्या पॅकेजचा भाग आहे की नाही हे तंत्रज्ञाशी वाद घालत न बसता रुग्णालयातल्या आयुष्मान मित्राच्या (योजनेच्या कामात रुग्णांना मदत करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या) खिडकीवर विचारावे, आणि उत्तर शक्यतो कागदावर घ्यावे. तोंडी उत्तर पाळी बदलली की बदलते.

आधी पगाराची पावती

येथे मी नेहमीच्या क्रमापेक्षा वेगळे सांगणार आहे. मदत करणारे बहुतेक लोक थेट आयुष्मान कार्डापासून सुरुवात करतात. माझ्या मते पहिला प्रश्न असा असावा की घरात कोणाच्या पगारातून ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचा हप्ता, कापला जातो का. पीथमपूर, सांवेर रोड किंवा पोलोग्राउंडच्या कारखान्यांत, दुकानांत, शाळांत, खासगी रुग्णालयांत काम करणारा मुलगा किंवा मुलगी घरात असते, महिन्याच्या पावतीवर कपात दिसत असते, पण ती ‘काही तरी कटते’ म्हणून सोडून दिलेली असते. कर्मचारी राज्य विमा योजना महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगारांना लागू आहे (अपंग कामगारांसाठी ही मर्यादा २५,००० रुपये आहे). कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के भरले जातात, आणि त्या बदल्यात मिळणाऱ्या वैद्यकीय सेवेत ओपीडीची औषधे येतात. किडनीच्या रुग्णासाठी दोन्ही योजनांतला कळीचा फरक हाच आहे.

शिवाय ही सेवा एकट्या कामगारापुरती नसते. पती किंवा पत्नी, मुले आणि अवलंबून असलेले आईवडीलही तिच्यात येतात. आईवडिलांचे स्वतःचे उत्पन्न महिन्याला ९,००० रुपयांपेक्षा जास्त नसावे अशी अट आहे. म्हणजे पीथमपूरच्या कारखान्यात काम करणाऱ्या मुलाच्या नोंदीवर, इंदूरमध्ये राहणाऱ्या आणि डायलिसिसवर असलेल्या आईला दर महिन्याच्या गोळ्या मिळू शकतात, आणि तरीही तिचे नाव कुटुंबाच्या यादीत घातलेलेच नसते, हे वारंवार दिसते. नाव घालण्यासाठी मालकाच्या कार्यालयातून किंवा ईएसआयच्या संकेतस्थळावर कामगाराच्या खात्यातून कुटुंबाचा तपशील भरावा, आधार जोडावे, ई-पहचान कार्ड छापून घ्यावे आणि राहत्या घराजवळची डिस्पेन्सरी निवडावी. आईवडील दुसऱ्या गावी राहत असतील तर तसे नोंदवून त्यांच्यासाठी वेगळी डिस्पेन्सरी मागता येते.

यापुढचा मार्ग डिस्पेन्सरीतून जातो. तिथल्या डॉक्टरांना तज्ज्ञांची चिठ्ठी दाखवून नंदानगरच्या ईएसआय रुग्णालयाकडे, आणि तिथे सोय नसल्यास करार असलेल्या रुग्णालयाकडे रेफरल घ्यावे लागते. बाहेरच्या डॉक्टरांची चिठ्ठी नेऊन थेट औषधे मागितली की नकार मिळतो आणि घरचे लोक तेवढ्यावरच नाद सोडून देतात. पण तीच औषधे ईएसआयच्या तज्ज्ञाने किंवा रेफरल दिलेल्या रुग्णालयाने लिहिली की ती योजनेची जबाबदारी होते. साठ्यात औषध नसेल तर ‘उपलब्ध नाही’ असा शेरा चिठ्ठीवर मागून घ्यावा आणि स्थानिक खरेदीसाठी अर्ज द्यावा. शेऱ्याशिवाय बाहेरून घेतलेल्या औषधाची भरपाई मिळवणे फार कठीण जाते.

कामगार स्वतःच रुग्ण असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ईएसआयच्या ३४ दीर्घकालीन आजारांच्या यादीत किडनी कायमची निकामी होण्याचा आजार आहे, आणि दोन वर्षांची सलग विमा असलेली नोकरी व त्या काळात १५६ दिवसांचे अंशदान (विम्याचा हप्ता) झालेले असेल तर पगाराच्या ८० टक्के दराने वाढीव आजारपण भत्ता मिळतो. तो दोन वर्षांपर्यंत वाढवता येतो. औषधांच्या लेखात याचे काय काम असे वाटेल, पण पगार थांबला की घरात पहिली काटछाट गोळ्यांवरच होते.

निवृत्त कामगारांची सोय तर जवळजवळ कोणाला ठाऊक नसते. किमान पाच वर्षे विमा असलेली नोकरी करून वयोमानानुसार निवृत्त झालेल्या कामगाराला वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि पती किंवा पत्नीसाठी ईएसआयची वैद्यकीय सेवा चालू ठेवता येते. इंदूरच्या कापडगिरण्या बंद झाल्या त्याला काळ लोटला, पण नंतरच्या कारखान्यांतून निवृत्त झालेली पिढी अजून आपल्या आसपास आहे. अशा घरी गेल्यास जुना विमा क्रमांक आवर्जून विचारावा.

आयुष्मान कार्ड : पात्रता, नाव आणि शिल्लक

ईएसआय नसेल, किंवा असूनही पुरत नसेल, तर आयुष्मान. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार, आधीपासून असलेल्या आजारासाठी प्रतीक्षा काळ नाही, आणि कुटुंबातल्या माणसांच्या संख्येवर बंधन नाही. पात्रता मुळात २०११ च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेवरून ठरली. मध्य प्रदेशात असंघटित कामगारांसाठीच्या संबल योजनेतली आणि रेशनची पात्रता पर्ची असलेली कुटुंबेही आयुष्मानमध्ये घेतली गेली. नाव आहे की नाही हे आयुष्मान ॲपवर आधार किंवा समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारच्या रहिवासी नोंदणीतला क्रमांक) टाकून पाहता येते, अथवा १४५५५ या क्रमांकावर विचारता येते. कार्ड विनामूल्य आहे.

सत्तर वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी उत्पन्नाची अटच नाही. २९ ऑक्टोबर २०२४ पासून त्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते, आणि कुटुंब आधीपासून योजनेत असेल तर सत्तरीवरच्या सदस्यांसाठी ५ लाखांपर्यंतचे जास्तीचे वेगळे संरक्षण असते. वय आधार कार्डावरून धरले जाते. आपल्याकडे जुन्या पिढीच्या कित्येकांच्या आधारवर अंदाजाने घातलेली जन्मतारीख असते. ती प्रत्यक्षापेक्षा उशिराची असेल तर पुरावा देऊन आधी आधारच दुरुस्त करून घ्यावे, कारण योजनेच्या खिडकीवर शाळेचा दाखला दाखवून काम होत नाही. केंद्र सरकारच्या सीजीएचएस किंवा माजी सैनिकांच्या ईसीएचएसचा लाभ घेणाऱ्या वृद्धांना दोहोंपैकी एक निवडावे लागते. येथे घाई करू नये : त्या दोन्ही योजनांत ओपीडीची औषधे मिळतात, आयुष्मानमध्ये नाहीत, त्यामुळे किडनीच्या रुग्णाने जुनी योजना सोडणे सहसा तोट्याचे ठरते. ईएसआयच्या वृद्धांना मात्र असे काही सोडावे लागत नाही, त्यांना वय वंदना कार्डही घेता येते.

मराठी घरांत ई-केवायसी अडते ती नावापाशी. आधारवर नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असे तिन्ही असते, तर समग्रमध्ये मधले नाव गळालेले; एकीकडे माहेरचे आडनाव, दुसरीकडे सासरचे; काळे यांचे ‘काले’ आणि गोखले यांचे इंग्रजी स्पेलिंग दोन तऱ्हांचे. नावे पुरेशी जुळली नाहीत की अर्ज मंजुरीसाठी अडकून राहतो किंवा परत येतो. कार्डाचा अर्ज करण्याआधीच वॉर्ड किंवा झोन कार्यालयातून समग्रमधले नाव आधारप्रमाणे करून घेतले, तर पुढचे हेलपाटे वाचतात. आणि हे काम रुग्ण धडधाकट असताना करावे. भरतीच्या रात्री समग्र दुरुस्त करून मिळत नाही.

पाच लाखांची रक्कम मोठी वाटते, पण ती सगळ्या कुटुंबाची मिळून असते. आठवड्याला तीन म्हणजे वर्षाला सुमारे १५६ डायलिसिस होतात. एका खेपेचा दर १,५०० रुपये धरला तरी २,३४,००० रुपये तिथेच जातात. त्याच वर्षी फिश्चुलाची (डायलिसिससाठी हातातल्या रक्तवाहिन्या जोडण्याची) शस्त्रक्रिया, एखादी भरती, किंवा घरातल्या दुसऱ्या कोणाचे ऑपरेशन निघाले तर शिल्लक संपू शकते. म्हणून दर तीन महिन्यांनी आयुष्मान मित्राकडून शिल्लक रक्कम विचारून वहीत लिहावी. प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांत दारिद्र्यरेषेखालच्या रुग्णांना विनामूल्य डायलिसिस मिळते, तो पर्यायही शिल्लक कमी असताना तपासावा.

घरी सोडतानाचे पंधरा दिवस

आयुष्मानमध्ये भरतीपूर्वीचे तीन दिवस आणि डिस्चार्जनंतरचे १५ दिवस यांतला औषधांचा आणि तपासण्यांचा खर्च धरलेला आहे. तरीही घरी सोडताना हातात नुसती चिठ्ठी देऊन ‘बाहेरून घ्या’ असे सांगितले जाते, आणि सुटकेच्या घाईत कोणी काही विचारत नाही. मदत करणाऱ्याने डिस्चार्जच्या आदल्या दिवशीच वॉर्डमध्ये जाऊन, डिस्चार्ज समरीत लिहिली जाणारी औषधे १५ दिवसांसाठी रुग्णालयाच्या औषध विभागातून मिळावीत, अशी विनंती आयुष्मान मित्राकडे करावी. समरीत प्रत्येक औषधापुढे दिवस लिहिलेले आहेत ना, हेही पाहावे. किडनीच्या रुग्णाची भरती दर काही महिन्यांनी होतच असते, त्यामुळे ही रक्कम वाटते तेवढी किरकोळ नाही.

जे विम्यात बसत नाही

तिसऱ्या गटातली औषधे ज्यांना ईएसआय, सीजीएचएस, ईसीएचएस किंवा रेल्वेच्या वैद्यकीय सेवेतून मिळत नाहीत, त्यांच्यासाठी सरकारी रुग्णालयाची ओपीडी हाच आधार आहे. मध्य प्रदेशात २०१२ पासून सरदार वल्लभभाई पटेल निःशुल्क औषधी वितरण योजना चालू आहे, एम. वाय. रुग्णालयात किंवा जिल्हा रुग्णालयात पर्चा काढून तिथल्या डॉक्टरांनी लिहिलेली, साठ्यात असलेली औषधे विनामूल्य मिळतात. रक्तदाबाच्या गोळ्या, कॅल्शियम, लोह अशी साधी औषधे तिथे मागावीत. खासगी तज्ज्ञांकडे उपचार चालू असले तरी महिन्यातून एकदा सरकारी ओपीडीत दाखवून ही औषधे लिहून घेण्यात कमीपणा मानू नये. मात्र दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या चिठ्ठ्या दाखवाव्यात, नाहीतर एकच औषध दोन नावांनी पोटात जाते.

उरलेली औषधे जनऔषधी केंद्रातून घ्यावीत. हा विमा नव्हे, पण ब्रँडच्या औषधांपेक्षा तिथल्या किमती साधारण ५० ते ८० टक्क्यांनी कमी असतात, आणि कोणते औषध यादीत आहे व केंद्र कुठे आहे हे जनऔषधी सुगम ॲपवर किंवा १८००-१८०-८०८० या क्रमांकावर समजते. घटकाच्या नावाने केलेली यादी येथे पुन्हा उपयोगी पडते. एका औषधाबाबत मात्र ठाम राहावे : टॅक्रोलिमसची कंपनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नये. रक्तातले त्याचे प्रमाण थोडे कमी झाले तरी शरीर नवी किडनी नाकारू शकते आणि थोडे वाढले तरी त्याच किडनीला इजा होते. कंपनी बदलायचीच असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने बदलावी आणि नंतर रक्तातली पातळी तपासून घ्यावी.

नकार मिळाल्यास

नकार कोणत्या कारणाने मिळाला हे आधी समजून घ्यावे, कारण उपाय त्यावर अवलंबून असतो. औषध ओपीडीचे आहे म्हणून आयुष्मानमधून मिळत नसेल तर तक्रार करण्यात अर्थ नाही, दुसरी योजना शोधावी. पण मंजूर पॅकेजमधल्या औषधासाठी पैसे घेतले असतील, किंवा डिस्चार्जनंतरची औषधे दिली नसतील, तर १४५५५ वर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. राज्याची १८१ ही मुख्यमंत्री हेल्पलाइन आणि दर मंगळवारी जिल्हाधिकारी कार्यालयात होणारी जनसुनवाई हे त्यापुढचे मार्ग आहेत. ईएसआयबद्दलची तक्रार १८००-११-२५२६ वर करता येते. अर्ज एका पानाचा असावा : रुग्णाचे नाव, कार्डाचा क्रमांक, तारीख, औषधाचे नाव, घेतलेली रक्कम आणि पावतीची प्रत. आजारपणाची सगळी करुण कहाणी अर्जात लिहिली की मूळ मुद्दा शेवटच्या ओळीत जातो आणि वाचणारा तिथवर पोचत नाही. पावती दिली जात नसेल तर पैसे मोबाइलवरून द्यावेत, म्हणजे नोंद राहते.

प्रत्यारोपण ठरत असेल तर हीच चौकशी शस्त्रक्रियेपूर्वी पूर्ण करावी. प्रत्यारोपणाचे पॅकेज निवडलेल्या रुग्णालयात उपलब्ध आहे का, त्यात दात्याच्या तपासण्या येतात का, आणि शस्त्रक्रियेनंतर किती दिवसांची औषधे दिली जातात, हे तीन प्रश्न आयुष्मान मित्राला विचारून उत्तरे लिहून घ्यावीत. शस्त्रक्रियेच्या खर्चात काही कमी पडत असेल तर रुग्णालयाचे अंदाजपत्रक जोडून प्रधानमंत्री राष्ट्रीय मदत निधीकडे आणि आमदार किंवा जिल्हाधिकाऱ्यांमार्फत मुख्यमंत्री स्वेच्छानुदानासाठी अर्ज करता येतो, पण हे अर्ज खर्च होण्याआधी जायला हवेत. पॅकेजमधली औषधे संपल्यावर टॅक्रोलिमस आणि मायकोफेनोलेटचा दरमहाचा खर्च कोण करणार, याचे उत्तर दात्याच्या तपासण्या सुरू होण्याआधी घरातल्यांनी एकत्र बसून, आकडे मांडून ठरवावे. घरात ईएसआयची नोकरी करणारे कोणी असेल तर रुग्णाचे नाव त्या यादीत घालण्याचे काम याच आठवड्यात उरकून घ्यावे.